हात नको, वही फिरवा

दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरला, बायकोच्या मामांकडे गेलो होतो. भाऊबीज झाली, फराळाचे डबे तळाला गेले आणि दुसरीतल्या आमच्या चिरंजीवांना एकदम आठवलं, की शाळेने शुद्धलेखनाची 20 पानं दिली आहेत. सोप्यात चादर अंथरून तो दुरेघी वहीवर वाकला. पोरगा डावखुरा. वही छातीसमोर सरळ; डावा हात ओळीच्या वरून वळसा घालून खाली उतरलेला, मनगट विळ्यासारखं आत मुडपलेलं, मान एका अंगाला आणि नाक कागदाला टेकायच्या बेतात.

बायको फिजिओथेरपिस्ट आहे. जाता जाता तिने त्याची वही जराशी फिरवली आणि त्याचा हात धरून ओळीच्या खाली आणला. झोपाळ्यावर पेपर वाचणाऱ्या मामांनी चष्मा कपाळावर चढवला. मामा 71 वर्षांचे. न्यायालयात 36 वर्षं कारकुनी केली. स्वतः डावखुरे, आणि त्यांचा हातही अगदी तसाच, विळ्यासारखा. पुढचा दीड तास मी फक्त चहा ओतायला उठलो. मामा-भाचीचं जे ऐकलं ते जवळजवळ तसंच देतो.

मामा : हात कशाला धरतेस त्याचा? लिहितोय ना?

भाची : लिहितोय, पण बसलाय कसा ते बघ की. मनगट मुडपलंय, कोपर हवेत, खांदा कानाला लागलाय.

मामा : मी असाच बसत आलो. 36 वर्षं रोजनामे लिहिले, निकालपत्रांच्या नकला हाताने केल्या. वकील मंडळी माझं अक्षर ओळखायची. कुणाचं काय अडलं?

भाची : तुझं अक्षर देखणं आहे, मामा. मी अक्षराचं नाही, मनगटाचं बोलतेय.

मामा : आमचे गुरुजी पण असंच काहीतरी बोलायचे. त्यांच्याकडे फूटपट्टी होती, तुझ्याकडे गोड बोलणं आहे. शेवटी डावखुऱ्याचा हात कुणाला तरी खुपतोच.

भाची : हात बदल म्हटलं का मी? त्याचा डावाच हात आहे आणि डावाच राहील. मी फक्त तो ओळीच्या खाली आणला.

मामा : सुरुवात अशीच होते, बाई. 1960 साली मी पहिलीत गेलो. पाटीवर ‘ग’ काढला आणि बोटांच्या सांध्यांवर पट्टी बसली. पेन्सिल उजव्या हातात दिली. गुरुजींची पाठ वळली, की परत डाव्या हातात. असं तीन-चार महिने चाललं. मग कंटाळून ते म्हणाले, “जाऊ दे, हा डावखुराच आहे.” त्यानंतर चौथीपर्यंत माझ्या पाटीकडे कुणी बघितलं नाही. टाक-दौत आली तेव्हा माझी बाही रोज निळी. ओल्या अक्षरांवरून हात जायचा आणि ओळ फासली जायची. मग मीच शोधून काढलं, की हात वरून आणला तर शाई शाबूत राहते. कुणी शिकवलं नाही. हा विळा माझी स्वतःची कमाई आहे.

भाची : “कुणी शिकवलं नाही.” हे तूच म्हणालास. माझं म्हणणंही एवढंच आहे.

मामा : म्हणजे?

भाची : पट्टी मारणारे गुरुजी आता कमी झाले. शिक्षण हक्काचा कायदा आलाय...

मामा : 2009चा. कलम 17. मुलाला शारीरिक शिक्षा नाही, मानसिक छळही नाही.

भाची : हो, तेच. तर पट्टी गेली, पण पट्टीच्या जागी काय आलं? “जाऊ दे, डावखुरा आहे.” वर्गातल्या बाकीच्या मुलांना बाई सांगतात, वही अशी धर, पेन्सिल इथे पकड, हात असा टेकव. ते सगळं उजव्या हाताचं. डावखुऱ्या मुलाने ते आरशात बघितल्यासारखं उलटं करून घ्यायचं, सहाव्या वर्षी, एकट्याने. त्याला मारत नाहीत, पण शिकवतही नाहीत. तू ज्याला कमाई म्हणतोस ना, ती मला हयगय वाटते. तुझी नव्हे, तुझ्या गुरुजींची.

मामा : मराठीत त्याला चांगला शब्द आहे. डावलणं. त्या शब्दात बघ, डावाच बसलाय. पोरीचं लग्न झालं की ती उजवली, बाईला दिवस राहिले की कूस उजवली. सगळं चांगलं ते उजवीकडे. प्रसादाला डावा हात पुढे केला की तुझी आजी हातावर चापट मारायची.

भाची : संस्कृतात मात्र ‘वाम’ म्हणजे डावा आणि ‘वाम’ म्हणजे सुंदरही. आणि अर्जुनाला सव्यसाची का म्हणतात? त्यातला ‘सव्य’ म्हणजे डावा. डाव्या हातानेही बाण सोडायचा म्हणून.

मामा : अर्जुनाला द्रोणाचार्य मिळाले होते. आम्हाला कोण मिळालं?

भाची : बघ, पुन्हा माझ्याच बाजूने बोललास!

मामा : ते राहू दे. मला हे सांग, या विळ्याने नुकसान काय होतं? नुसतं वाकडं दिसतं म्हणून सरळ करायचं, तर मग आमचे गुरुजी बरे. निदान उघड मारायचे.

भाची : सांगण्यापेक्षा करून दाखवते. हात पुढे कर. मनगट आतल्या बाजूला मुडप, जाईल तितकं. आता मूठ घट्ट आवळ.

मामा : आवळत नाही गं.

भाची : आता मनगट सरळ कर, थोडं मागेच ने. आवळ.

मामा : हं. आता आवळली.

भाची : बोटं मिटवणाऱ्या आणि उघडणाऱ्या दोऱ्या मनगटावरून जातात. मनगट आत मुडपलं की मिटवणाऱ्या दोऱ्या सैल पडतात आणि उघडणाऱ्या ताणल्या जातात. बोटं आपोआप उघडू बघतात. अशा अवस्थेत पेन्सिल धरायची तर जादा जोर लावावा लागतो. लहान मूल तो जोर लावतं. म्हणून याच्या पेन्सिलचं टोक सारखं मोडतं आणि मागच्या पानावर अक्षरं उठतात. शिवाय बोटांकडे जाणारी एक मोठी नस मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाते. मनगट मुडपलेलं राहिलं की तिथली जागा आणखी कमी होते. बरं, वळसा घालायचा म्हणून कोपर बाहेर काढावं लागतं. कोपर अधांतरी राहिलं की हाताचं ओझं खांद्याने पेलायचं. आणि स्वतःच्याच मुठीआड काय लिहिलंय ते दिसत नाही, म्हणून मान वाकडी. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं, मामा. ते कलतं धरून ठेवायचं काम मान करते.

मामा : मग तुझ्या दवाखान्यात मान धरली म्हणून येणारे सगळे डावखुरेच असतील.

भाची : नाही.

मामा : मग कोण असतात?

भाची : बहुतेक उजवेच. जगात 10 पैकी 9 माणसं उजवी, म्हणून दवाखान्यातही तीच जास्त. आणि आता लोक लिहितात कुठे? मोबाइलमध्ये मान घालून बसतात.

मामा : म्हणजे विळ्याने मान मोडते, याला पुरावा नाही. कोर्टात हे टिकणार नाही.

भाची : रोग होतो असा दावा मी करतच नाही. डाव्या हाताने लिहिल्याने पाठीच्या कण्याला कायमचा बाक येतो, असं घाबरवणारे लोक असतात; मी कुठल्याच आईला तसं सांगत नाही, कारण ते खरं नाही. माझा मुद्दा दमण्याचा आहे. दहावीचा मराठीचा पेपर 3 तासांचा. त्यात उत्तर येत असूनही हात भरून आला म्हणून शेवटचा निबंध अर्धा सोडायचा, हे नुकसान नाही का?

मामा : ते मी नाकारत नाही. पण मी कुठेतरी वाचलंय, हा विळा मेंदूतूनच येतो. काही डावखुऱ्यांचा मेंदूच तसा असतो म्हणे. मग तू काय करणार?

भाची : ते 1976चं आहे. जेरी लेव्ही आणि मेरीलू रीड या अमेरिकेतल्या दोघींनी ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलं होतं. हात ओळीखाली ठेवणाऱ्या डावखुऱ्यांची भाषा मेंदूच्या उजव्या अर्ध्यात असते आणि विळा करणाऱ्यांची डाव्या अर्ध्यात, असा त्यांचा तर्क. कल्पना भारी होती. पुढे मेंदूच्या थेट तपासण्या झाल्या तेव्हा ती टिकली नाही. बहुतेक डावखुऱ्यांची भाषासुद्धा डाव्याच अर्ध्यात असते, हात कसाही धरोत.

मामा : मग शाईचं काय? शाई तर खरी होती. डावीकडून उजवीकडे लिहायचं म्हणजे डाव्याचा हात लिहिलेल्यावरून जाणारच. ज्याची बाही निळी झाली त्याला विचार.

भाची : मीच तुला एक विचारते. कोर्टाबाहेर ते चाचा बसायचे ना, उर्दूतली पत्रं आणि निकाहनाम्याच्या नकला लिहून देणारे? त्यांचा हात कुठला?

मामा : उजवा.

भाची : उर्दू उजवीकडून डावीकडे. म्हणजे उजव्या हाताने लिहिताना त्यांचाही हात ओल्या अक्षरांवरूनच जायला हवा. तुझं जे झालं तेच त्यांचं. मग ते विळा करायचे का?

मामा : (बराच वेळ गप्प) नाही. ते... एक गुडघा उभा करायचे, त्यावर पुठ्ठा तिरका ठेवायचे आणि हात ओळीच्या खाली. कागद सरकवत न्यायचे. बाही पांढरीशुभ्र असायची त्यांची. कमाल आहे. समोर 20 वर्षं बघितलं आणि डोक्यात आलं नाही.

भाची : त्यांना त्यांच्या उस्तादाने बसायला शिकवलं होतं. लिपी हाताच्या उलट दिशेने धावते, एवढ्याने विळा होत नाही. वही सरळ ठेवून उलट दिशेने लिहावं लागलं, की विळा होतो.

मामा : थांब. उर्दूचं झालं, आता मराठीचं ऐक. आपली लिपीच उजव्यांची आहे. शिरोरेषा डावीकडून उजवीकडे ओढा म्हणतात. उजवा माणूस ती ओढतो, मला ती ढकलावी लागते. निबाचं पेन असलं की ढकलताना निब कागदात रुतायचं आणि शाईचे शिंतोडे उडायचे. म्हणून मी आधी अख्खा शब्द लिहितो आणि मग रेघ उजवीकडून डावीकडे आणतो.

भाची : अगदी बरोबर करतोस. मीही पोराला तेच सांगणार आहे. काना वरून खाली आणि आडवी रेघ जिकडून हाताला ओढता येते तिकडून. कागदावर शेवटी रेघच दिसते, ती कुठून आली हे कुणाला कळतं?

मामा : शाळेत कळतं. बाई समोर उभ्या असल्या की कळतं. आणि गंमत सांगू? मोडीत हा घोळच नव्हता. जुन्या दप्तरातले कागद मी हाताळलेत. मोडी लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा मारून घ्यायचा आणि मग हात न उचलता अक्षरं त्यांना टांगत जायचा. रेघ आधीच मारलेली, ती कुठल्या हाताने आणि कुठल्या दिशेने मारली याचा पत्ता लागत नाही. पण बोरूचं टोक मात्र तिरकं छाटलेलं असायचं, तेही उजव्याच्या सोयीने. आमच्या नशिबाने बॉलपेन आलं. ते ढकला नाहीतर ओढा, त्याला फरक पडत नाही. डावखुऱ्यांना खरं स्वराज्य बॉलपेनने दिलं.

भाची : आणि आता जेल पेनने परत घेतलं. त्याची शाई वाळायला वेळ लागतो.

मामा : स्वराज्यावरून आठवलं. गांधीजींनी ‘हिंद स्वराज’ बोटीवर लिहिलं, माहितीये ना? नोव्हेंबर 1909, ‘किल्डोनन कॅसल’ बोट, इंग्लंडहून आफ्रिकेला निघालेली. दहा दिवसांत गुजरातीत पुस्तक हातावेगळं केलं. उजवा हात दमला तेव्हा डाव्या हाताने लिहीत गेले. तब्बल 40च्या आसपास पानं डाव्या हाताची आहेत. त्यांना कुणी वही फिरवायला शिकवलं होतं? माणसाला लिहायचं असलं की हात आपली वाट काढतो. तेंडुलकर बघ, लिहितो डाव्या हाताने, बॅट धरतो उजव्या. कुणी ठरवून दिलं का? मोकळं सोडावं गं पोराला.

भाची : गांधीजींनी हात का बदलला? उजवा दमला म्हणून. हाताने सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. याचा हातही काहीतरी सांगतोय, मी तेवढंच ऐकतेय. तेंडुलकरचं म्हणशील, तर कुठल्या कामाला कुठला हात हे शरीर ठरवतं, त्यात मी पडतच नाही. पण बॅट कुठल्या हाताने धरायची हे शरीराने ठरवलं, तरी पाय कुठे ठेवायचा हे आचरेकर सरांनी शिकवलंच ना? तसं ‘कुठला हात’ हा प्रश्न मुलाचा. ‘हात कसा ठेवायचा’ हे मोठ्यांनी शिकवायचं. गुरुजींनी पहिल्यात नाक खुपसलं आणि दुसऱ्यातून अंग काढून घेतलं. दोन्हीकडे उलटं केलं.

मामा : हे मान्य. हात बदलायला लावून काही साधत नाही, हे तर आता सिद्धच झालंय ना?

भाची : हो. जर्मनीत झालेला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. लहानपणी हात बदलायला लावलेल्या मोठ्या माणसांना उजव्या हाताने लिहायला लावून मेंदूचं चित्र घेतलं. इतक्या वर्षांनीही त्यांच्या मेंदूचे दोन्ही अर्धे कामाला लागलेले दिसले. जन्माच्या उजव्यांत तसं नव्हतं. हात बदलला तरी मेंदूतला डावेपणा पुरता गेला नव्हता. आणि इंग्लंडात 1900च्या सुमारास जन्मलेल्यांत डाव्या हाताने लिहिणारे 3 टक्क्यांच्या आसपास होते, आता 10च्या घरात आहेत. डावखुरे वाढले नाहीत, फक्त लपायचं बंद झाले.

मामा : बरं, आता माझी एक बाजू ऐकून घे. तू म्हणतेस मान वाकडी, कोपर अधांतरी. पोराला सुधारण्याआधी बाक सुधारा की! माझ्या नातवाच्या क्लासमध्ये गेलो होतो फी भरायला. सगळ्या पॅडवाल्या खुर्च्या. पॅड उजव्या हाताला. 60 खुर्च्यांत एकही डावी नाही. डावखुरं पोरगं अर्धं वळून, डावा हात पोटावरून पलीकडे नेऊन लिहीत होतं. त्याचं मनगट सरळ करून तू काय करणार?

भाची : इथे मी पूर्ण हरले. तू म्हणतोस ते शंभर टक्के खरं आहे. उजव्या मुलाचं कोपर पॅडवर टेकतं, डाव्याचं लोंबतं. कंबर खुर्चीत सरळ आणि छाती उजवीकडे, अशी दोन-दोन तास पिळलेली पाठ. कॉलेजात माझी एक मैत्रीण डावखुरी होती. ती नेहमी भिंतीकडची शेवटची खुर्ची सोडून दुसरी धरायची, आणि डावीकडची खुर्ची रिकामी राहिली तर तिच्या पॅडवर लिहायची. खुर्ची एक, पॅड दुसऱ्याचं. सर म्हणायचे, दोन जागा अडवू नकोस.

मामा : ऐकलंत, जावईबापू? आणि म्हणे पोराने पवित्रा बदलावा.

भाची : दोन्ही बदलायला हवं. शाळेत बाक असतो, दोघांचा. डावखुऱ्याला स्वतःच्या डाव्या टोकाला बसवलं की झालं. उजवीकडे बसवलं तर त्याचं डावं कोपर आणि शेजाऱ्याचं उजवं कोपर दिवसभर एकमेकांवर आदळतं, मग ते मूल अंग चोरून लिहितं. स्पायरलची वही नको. तार नेमकी मनगटाखाली येते. उजेड उजवीकडून किंवा समोरून यावा, नाहीतर हाताची सावली अक्षरावर पडते. याला एक पैसा लागत नाही. तरी होत नाही, कारण कुणी विचारत नाही.

मामा : आणि वही?

भाची : वही छातीसमोर नको, थोडी डावीकडे. मग तिचं डोकं उजवीकडे कलवायचं, म्हणजे खालचा उजवा कोपरा पोटाकडे येतो. उजवी मुलं करतात त्याच्या बरोबर उलट. आता ओळ वर-डावीकडून खाली-उजवीकडे उतरते. कोपर खुंटीसारखं एका जागी टेकवायचं, की हात गाडीच्या वायपरसारखा आपसूक ओळीवरून फिरतो, मनगट न मुडपता. पेन्सिल टोकापासून तीनेक सेंटिमीटर वर धरायची, म्हणजे लिहिलेलं दिसतं आणि मान वाकवावी लागत नाही. तुमच्या काळचं उतरतं डेस्क असेल तर सोन्याहून पिवळं.

मामा : माळ्यावर आहे. काढायला लावतो. पण आधी मला करून बघू दे.

मामा झोपाळ्यावरून उतरले. चादरीवर मांडी घातली, नातवाची वही ओढली, तिरकी केली आणि हात ओळीखाली ठेवून ‘रोजनामा’ हा शब्द लिहिला. नीट आला नाही. ‘र’ एकीकडे, ‘ज’ दुसरीकडे, काना लुळा. चिरंजीव खो-खो हसले. मामाही हसले.

मामा : हे बघ. पहिलीतलं अक्षर. 65 वर्षं मागे गेलो.

भाची : तू बदलूच नकोस. तुझं मनगट दुखत नाही, वेग आहे, वाचता येतं. या तीनही गोष्टी जमल्या तर विळ्याला हात लावायचा नाही, असंच मी मोठ्या माणसांना सांगते.

मामा : मग याने का बदलायचं?

भाची : तो 7 वर्षांचा आहे. त्याची सवय अजून ओली आहे. दोन-तीन वर्षांत ती वाळेल, मग अवघड. आणि दुखतं की नाही ते मला नको विचारू, त्याला विचार.

मामा : दुखतं का रे?

पोराने मधलं बोट पुढे केलं. नखाजवळच्या पेरावर पेन्सिल रुतून लाल खळगा पडला होता. “इथे. आणि इथे पण,” म्हणून त्याने मनगटाची मागची बाजू दाखवली. मामांनी त्याचं बोट धरलं, मग स्वतःचं पाहिलं. निवृत्त होऊन 13 वर्षं झाली, पण रोज डायरी लिहितात. त्याच पेरावर वाटाण्याएवढा घट्टा होता.

मामा : दुपारनंतर हे बोट सुन्न व्हायचं. पाण्याच्या ग्लासात बुडवून ठेवायचो. मला वाटायचं, सगळ्याच कारकुनांना होतं.

भाची : मगाशी म्हणालास, काही अडलं नाही.

मामा : अडलं नाहीच. पण सोसलं, हे खरं. बरं, ऐक. दोन अटी. वही फिरव, त्याचा हात धरू नकोस. हात कुणी धरला की मला अजून ती पट्टी आठवते. आणि महिनाभरात त्याला हे नको झालं, तर सोडून द्यायचं. पुन्हा मागे लागायचं नाही.

भाची : कबूल. मगाशी हात धरला ते चुकलंच माझं.

वाद इथे संपला. मी दोघांच्या मधे बसून होतो. जन्माचा उजवा असल्यामुळे माझ्यावर यातला एकही प्रश्न आयुष्यात आला नव्हता. पॅड माझ्याच बाजूला, पट्टीवरचे आकडे माझ्याच बाजूने, वही धरायला शिकवणाऱ्या बाईंचा हातही माझ्यासारखाच. मामांचं ऐकताना मला भाचीचं पटत होतं आणि भाचीचं ऐकताना मामांचं. आता लिहायला बसल्यावर मला वाटतं, दोघं एकाच गोष्टीबद्दल भांडत होते. मामांना भीती होती ती मुलाच्या हातावर पुन्हा कुणाचा तरी हात पडण्याची. भाचीला भीती होती ती त्या हाताकडे पुन्हा कुणीच न बघण्याची. डावखुऱ्यांच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी आल्या आहेत, बहुधा याच क्रमाने.

पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या बाईंना आणि गुरुजींना म्हणून एक विनंती. तुमच्या वर्गात 40 मुलं असतील, तर सरासरीने चारेक डावखुरी निघतील. वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात ती शोधा. त्यांना बाकाच्या डाव्या टोकाला बसवा. वह्या उजवीकडे कलवून द्या आणि शिरोरेषा कुठून ओढायची ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. परीक्षेच्या बैठक व्यवस्थेतही हे लक्षात ठेवा. ज्या क्लासचालकांनी शंभर खुर्च्या घेतल्या आहेत, त्यांनी पुढच्या वेळी त्यातल्या दहा डाव्या पॅडच्या मागवाव्यात. आणि पालकांनी अधूनमधून मुलाचं मधलं बोट हातात घेऊन बघावं.

सुट्टी संपल्यावर मी वर्गशिक्षिकांना दोन ओळींची चिठ्ठी दिली. चिरंजीव आता बाकाच्या डाव्या टोकाला बसतात. माळ्यावरचं डेस्क आम्ही पुण्याला घेऊन आलो. हात दहापैकी सहा वेळा ओळीखाली असतो, चार वेळा अजूनही विळ्यावर जातो. पेन्सिलची टोकं मात्र कमी मोडतात.